पडदा काचेच्या कोणत्या बाजूला?

मार्च महिन्यातली गोष्ट. आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. लंडनजवळच्या हॅरोहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिकडे सकाळचे दहा. आवाज घाबरलेला. "दादा, छत तडकलं. सासूबाई खालीच बसल्या होत्या. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला."

कुणाला काही इजा झाली नव्हती, हे आधी विचारून घेतले. छत काचेचे होते, तडा एका काचेला गेला होता आणि तुकडा एकही खाली पडला नव्हता. घराच्या मागच्या बाजूला बागेत काढलेली ती काचेची खोली, म्हणजे तिकडच्या भाषेत कॉन्झर्व्हेटरी. सासूबाईंचे दिवसभराचे बसणे-उठणे तिथेच. त्यांची तुळसही तिथेच, कारण विलायतेतल्या हिवाळ्यात ती बाहेर जगत नाही. मागच्या उन्हाळ्यात खोली फार तापली म्हणून बहिणीने हौसेने छताला आतून पडदे बसवून घेतले होते. ऊन अडले, सासूबाई खूश झाल्या आणि सहा-सात महिन्यांनी, रात्रभर पाणी गोठवणाऱ्या थंडीनंतरच्या एका लख्ख सकाळी, काच तडकली.

पडदे बसवणारा म्हणाला, काचच सदोष असणार. छत बसवणारा म्हणाला, पडद्यामुळे झाले. दोघांनी आपापल्या हमीपत्रातले कलम दाखवले आणि हात वर केले. बहिणीने मला विचारले, कारण आमच्या वडिलांचे सांगलीला फोटोफ्रेमचे आणि काचेचे दुकान होते आणि ते पुढे मी वीस वर्षे चालवले. मी अभियंता नाही. शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. पण काच हा माझा शाळेबाहेरचा विषय आहे. त्या फोननंतर वर्षभर मी या प्रश्नाच्या मागे लागलो. काचनिर्मात्यांची तांत्रिक पत्रके वाचली, जुन्या काचमहालांचा इतिहास चाळला. पडद्याने छत फुटू शकते का, या साध्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

ना अंगण, ना खोली

आधी ही कॉन्झर्व्हेटरी म्हणजे काय ते पाहू. सोळाव्या-सतराव्या शतकांपासून युरोपातल्या श्रीमंतांनी संत्र्या-लिंबांची झाडे हिवाळ्यात जगवण्यासाठी खास घरे बांधली. पुढे त्यांत काच वाढत गेली. इंग्लंडमध्ये काचेवर 1745 पासून कर होता. तो 1845 मध्ये उठला. खिडक्यांवरचा कर 1851 मध्ये गेला. काच स्वस्त झाली आणि काचघर हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

आज ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या बहुसंख्य कॉन्झर्व्हेटऱ्या मात्र गेल्या चाळीसएक वर्षांतल्या. यूपीव्हीसीची पांढरी चौकट, बाजूंना दुहेरी काच, वर काच किंवा पॉलिकार्बोनेटचे पोकळ पन्हाळीदार तक्ते. ही खोली स्वस्तात आणि थोड्या दिवसांत उभी राहते. शिवाय एक सवलत असते. इंग्लंडमध्ये तळमजल्यावरची, 30 चौरस मीटरपेक्षा कमी क्षेत्रफळाची आणि घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दाराने वेगळी केलेली कॉन्झर्व्हेटरी सर्वसाधारणपणे इमारत-नियमांतून वगळलेली असते. म्हणजे घराच्या इतर भागांना उष्णता राखण्याचे जे निकष लागतात, ते तिला लागत नाहीत. त्यामुळे ही खोली हिवाळ्यात गारठते आणि उन्हाळ्यात भाजते. नकाशात ती खोली असते, पण स्वभावाने ती अंगणच.

झाडांसाठी जन्मलेली ही वास्तू माणसांना राहायला दिली, इथे गोंधळाची सुरुवात झाली. झाडाला ऊन हवे असते. माणसाला उजेड हवा असतो, पण ऊन नको असते. मग पडदा येतो.

ऊन उष्णता कुठे होते?

जूनमधल्या निरभ्र दुपारी इंग्लंडातही छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 850 वॅट इतके ऊन पडते. बारा चौरस मीटरच्या छतावर ते दहा किलोवॅटच्या वर जाते. एक किलोवॅटचे दहा हीटर डोक्यावर लावल्यासारखे. साध्या दुहेरी काचेतून यातले साधारण सत्तर टक्के आत शिरते.

आत शिरताना ते अजून 'उष्णता' नसते. ते प्रकाश आणि त्याला लागून असलेल्या आखूड लहरी यांच्या रूपात असते आणि काचेला त्यांच्यात फारसे स्वारस्य नसते, ती त्यांना जाऊ देते. हे ऊन ज्या वस्तूवर पडून शोषले जाते, तिथे त्याची उष्णता होते. फरशीवर पडले तर फरशी तापते, खुर्चीवर पडले तर खुर्ची. तापलेली वस्तू मग स्वतः लांब लहरी सोडू लागते आणि त्या लहरींना काच आरपार जाऊ देत नाही, शोषून घेते. काचघर तापते त्याचे एक कारण हे, आणि दुसरे म्हणजे तापलेली हवा कोंडली जाते.

आता छताच्या काचेखाली चार बोटांवर पडदा ओढला. ऊन फरशीपर्यंत पोचायचे थांबले. खाली बसलेल्या माणसाला बरे वाटले. पण ऊन नाहीसे झाले नाही, त्याचा मुक्काम बदलला. आधी ते खोलीभर, फरशी, भिंत, सामान यांच्यात वाटले जात होते. आता ते सगळे एका पातळ कापडावर, काचेच्या अगदी निकट, उष्णता होऊन बसले. तापलेले कापड खालीही उष्णता सोडते आणि वरही सोडते. वरची बाजू म्हणजे काच. मधल्या चार बोटांच्या पोकळीतली हवा, तिला वाट नसेल तर, कोंडलेल्या डब्यासारखी तापते. पोकळी पूर्ण बंद असेल तर भर उन्हाळ्यात ती 60 अंशांच्या आसपास जाणे अवघड नाही.

पडद्याचा रंग इथे महत्त्वाचा. बाहेरच्या अंगाने पांढरा किंवा चकचकीत असलेला पडदा बरेचसे ऊन उष्णता होण्याआधीच परत फिरवतो आणि ते आल्या वाटेने काचेतून बाहेर जाते. गडद पडदा जवळपास सगळे पिऊन टाकतो. दुकानात दोन्ही सारख्याच भावाने मिळतात आणि गिऱ्हाईक सोफ्याच्या रंगाशी जुळवून निवडते.

काच कडेने फुटते

वडील सांगत, काच जाडीने टिकत नाही, कडेने टिकते. काच कापताना आपण हिऱ्याने वरवर एक रेघ मारतो आणि खालून हलकेच टकटक करतो. चार मिलिमीटरची काच त्या नखभर रेघेच्या वाटेने सरळ दुभंगते. काचेवर दाब कितीही द्या, ती सोसते. ताणली, की जिथे बारीकसा ओरखडा असेल तिथे तोंड उघडते. कापलेल्या काचेच्या कडेला असे बारीक टवके शेकड्यांनी असतात.

ताणण्यासाठी हात लागतोच असे नाही. काच एका अंशाने तापली की दर मीटरला सुमारे नऊ हजारांश मिलिमीटर वाढते. सगळी काच सारखी तापली तर ती सगळी मिळून वाढते, बिघडत काही नाही. पण मधला भाग तापला आणि कड थंड राहिली, तर मधला भाग पसरू पाहतो आणि कड त्याला धरून ठेवते. धरून ठेवताना कड स्वतः ताणली जाते. साध्या, म्हणजे ॲनील्ड काचेत दर अंश फरकाला हा ताण चौरस मिलिमीटरमागे साधारण 0.6 न्यूटन. तीस-चाळीस अंशांचा फरक पडला, की हा आकडा कापलेल्या कडेच्या सोसण्याच्या पलीकडे जातो.

छतातल्या काचेची कड कुठे असते? चौकटीच्या खाचेत, रबराच्या पट्टीखाली, उन्हापासून लपलेली. म्हणूनच माझ्या बहिणीची काच उन्हाळ्यात फुटली नाही, मार्चमध्ये फुटली. उन्हाळ्यात रात्रही उबदार, चौकटही उबदार, फरक कमी. मार्चमध्ये रात्रभर चौकट शून्याच्या खाली. सकाळी लख्ख ऊन. सासूबाईंनी डोळ्यांवर ऊन येते म्हणून पडदा अर्धा ओढलेला. काचेचा वरचा अर्धा भाग पडद्यामुळे झपाट्याने तापला, खालचा अर्धा थंड, कड तर रात्रीच्या गारठ्यातच. आपल्याला वाटते काच उन्हाने फुटते. ती ऊन आणि थंडी एकाच वेळी अंगावर आल्याने फुटते.

बहिणीला मी तड्याचे जवळून फोटो पाठवायला सांगितले. दगड लागून फुटलेल्या काचेत तडे एका बिंदूपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात. उष्णतेचा तडा वेगळा असतो. तो कडेपासून सुरू होतो, कडेशी काटकोन करून सरळ काही अंतर आत येतो आणि मग ज्या भागात तापमानाचा फरक आहे तिकडे नदीसारखा वळणे घेत जातो. बहिणीच्या फोटोत तडा लांब कडेपासून बरोबर काटकोनात निघाला होता आणि अर्ध्या ओढलेल्या पडद्याचे टोक जिथे होते त्या रेषेच्या आजूबाजूने वळत गेला होता. काचेनेच आपला जबाब लिहून ठेवला होता.

मग सगळे छत असे का फुटत नाही? कारण छतात बहुधा टफन्ड काच असते. ती तापवून झटकन थंड केलेली असल्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली असतो आणि ती दोनशे अंशांच्या आसपासचा फरकही सोसते. पण टफन्ड काच फुटली की तिचे लहान लहान तुकडे होऊन ते खाली कोसळतात. म्हणून काही जण आतली काच लॅमिनेटेड घेतात: दोन साध्या काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा. ती तडकली तरी पापुद्र्याला चिकटून जागेवर राहते. बहिणीच्या छताची आतली काच लॅमिनेटेड होती, म्हणून सासूबाईंच्या अंगावर काही पडले नाही. पण लॅमिनेटेडमधल्या काचा साध्याच होत्या, म्हणून ती उष्णतेने तडकली. डोक्यावर पडू नये म्हणून निवडलेली काच पडद्याच्या उष्णतेपुढे दुबळी ठरते. छत घेताना हे कुणी सांगत नाही, कारण छत विकणाऱ्याला पुढे पडदा येणार हे ठाऊक नसते आणि पडदा विकणारा वर कुठली काच आहे हे पाहत नाही.

टफन्ड काचही अगदी निर्धोक नाही. काच ओतताना क्वचित निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण आत राहतो. टफन करताना तो ज्या रूपात अडकतो, ते रूप साध्या तापमानाला टिकाऊ नसते. तो पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी रूप बदलतो, थोडा फुगतो आणि काच कुणीही हात न लावता फुटते. उष्णतेत हा बदल लवकर होतो. पडदा हा कण निर्माण करत नाही, पण त्याची वेळ अलीकडे आणू शकतो.

आधुनिक दुहेरी काचेत आणखी एक गोष्ट असते. आतल्या काचेच्या पोकळीकडच्या बाजूला धातूचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. हिवाळ्यात खोलीतली उष्णता बाहेर जाऊ नये यासाठी तो असतो आणि ते काम उत्तम करतो. पण आतून पडदा लावल्यावर हाच गुण अंगाशी येतो. आतली काच पडद्याची उष्णता घेते आणि लेपामुळे ती बाहेरच्या काचेला सहज देऊ शकत नाही. तीच तापत राहते. रंगीत काचेचेही तसेच: ती ऊन अडवते, पण शोषून अडवते, म्हणजे पडद्याआधीच ती अर्धी तापलेली असते.

न फुटता होणारे नुकसान

काच फुटली की आवाज होतो, लोक धावतात. बाकीचे नुकसान मुकाट्याने होते.

दुहेरी काचेच्या मधली हवा किंवा आर्गॉन कडेच्या चिकट पट्टीने बंद केलेला असतो. 20 अंशांवरून 60 अंशांवर गेला, तर या कोंडलेल्या वायूचा दाब, त्याला फुगायला जागा नसती तर, साडेतेरा टक्क्यांनी वाढला असता. प्रत्यक्षात काचा थोड्या फुगतात, रात्री परत बसतात. रोजच्या या श्वासोच्छ्वासात पट्टी थकते. एके दिवशी तिच्यातून ओल आत जाते आणि दोन काचांच्या मध्ये, जिथे कुणाचा फडका पोचत नाही, तिथे धुके धरते. काचेला मोतीबिंदू झाल्यासारखे. मग ती पूर्ण काचजोडीच बदलावी लागते.

पॉलिकार्बोनेट तडकत नाही, पण ते काचेच्या सुमारे सातपट वाढते. चार मीटर लांबीचा तक्ता 40 अंशांनी तापला तर एक सेंटिमीटरहून थोडा अधिक लांब होतो. काच तेवढ्यात दीड मिलिमीटर वाढली असती. बसवणाऱ्याने टोकांना जागा सोडली असेल तर तक्ता सरकतो आणि सरकताना कटकट वाजतो. ब्रिटनमध्ये संध्याकाळी अशा छतांचा आवाज ऐकून नवखा पाहुणा दचकतो. जागा सोडली नसेल, किंवा पडद्याच्या पट्ट्या घट्ट बसवून ती मारली असेल, तर तक्ता कमानीसारखा वाकतो, कडेची पट्टी सुटते आणि पुढच्या पावसात गळती लागते. चौकटीचे यूपीव्हीसी 75-80 अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. एवढे तापमान रोज येत नाही, पण त्याच्या जवळ वारंवार गेले की लांब पट्ट्या थोड्या थोड्या वाकू लागतात आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही.

आणि बसवताना होणारे नुकसान वेगळेच. पडद्याचे आकडे छताच्या पट्टीत स्क्रूने बसवतात. त्या पट्टीत काचेची कड असते, पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नाळी असतात, रबर असते. स्क्रू अर्धा सेंटिमीटर अधिक आत गेला तर नाळीला भोक पडते किंवा काचेच्या कडेला टवका जातो. वडील टवका गेलेली काच कधीच उन्हाच्या बाजूच्या खिडकीला देत नसत, बाजूला ठेवून लहान फ्रेमसाठी कापत. छताच्या पट्टीत गेलेला टवका कुणाला दिसत नाही. तो पुढच्या थंडीची वाट पाहत बसतो.

पॅक्स्टनचे कापड

हे वाचत असताना मला सारखे वाटे, की दीडशे वर्षे काचघरे बांधणाऱ्यांना हे कळले नसेल? कळले होते, आणि आपल्यापेक्षा चांगले कळले होते.

1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. तो बांधणारा जोसेफ पॅक्स्टन मूळचा माळी. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या बागेत काचघरे बांधता बांधता तो शिकला. क्रिस्टल पॅलेसला जवळपास तीन लाख काचा होत्या. उन्हाळ्यात तिथे हजारो माणसे येणार, हे ठाऊक होते. पॅक्स्टनने छत आणि दक्षिण बाजू कापडाने झाकण्याची योजना केली, आणि कापड लावले ते बाहेरून. छत आढे आणि पन्हळ अशा ओळींचे होते. कापड आढ्यांवरून ताणल्यामुळे खालच्या पन्हळीवर आपोआप हवेची पोकळी राहिली. फार उकाडा झाला तर त्या कापडावर पाणी मारून गारवा आणता येईल, असेही त्याने सुचवले होते.

हे वाचताना मला आपल्या वाळ्याच्या ताट्या आठवल्या. उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना बाहेरून ताट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी शिंपडायचे. पडवीच्या बाहेरच्या कडेला चिकाचे पडदे सोडायचे. वाड्याची पडवी हीच मुळात बाहेरून लावलेली सावली. आपल्या जुन्या घरांत ऊन भिंतीपर्यंत पोचण्याआधी अडवण्याची सोय असे. त्यासाठी कुणी भौतिकशास्त्र शिकले नव्हते, उन्हाळा शिकवत होता.

विलायतेतल्या माळ्यांनाही ते येत होते. जुन्या काचघरांवर बाहेरून लाकडी पट्ट्यांचे गुंडाळायचे पडदे असत. वसंतात काचेला बाहेरून पांढरा रंग किंवा चुना फासायचा आणि शरद ऋतूत धुऊन काढायचा, ही पद्धत काही माळी आजही पाळतात. क्यू उद्यानातले पाम हाउस 1844 ते 1848 दरम्यान बांधले, तेव्हा झाडांची पाने करपू नयेत म्हणून तिथे मुद्दाम हिरवट छटेची काच बसवली होती, रॉबर्ट हंट या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने. पुढे लंडनच्या धुराने उजेडच इतका कमी झाला, की तिथे साधी काच घालावी लागली.

मग पडदा आत कधी आला? माणसे आत राहू लागली तेव्हा. बाहेरचा पडदा पावसात भिजतो, वाऱ्याने फाटतो, त्यावर शेवाळ धरते, तो ओढायला शिडी लागते. आतला पडदा स्वच्छ राहतो, बटणावर सरकतो, दिसायला सुंदर. माळ्याचा पडदा झाडासाठी होता, त्याला दिसण्याशी देणेघेणे नव्हते. आपण पडदा सोयीसाठी काचेच्या आत घेतला आणि त्याबरोबर ऊनही आत घेतले.

मग करायचे काय?

पडदे लावूच नयेत, असे मी म्हणणार नाही. 19 जुलै 2022 रोजी इंग्लंडमध्ये कॉनिंग्जबी इथे 40.3 अंश तापमान नोंदले गेले. त्या देशाच्या इतिहासातला तो उच्चांक. अशा दिवशी काचेच्या खोलीत म्हातारे माणूस बसणे हा थेट जिवाचा प्रश्न आहे आणि तिथे काचेपेक्षा माणूस मोठा. पण पडदा नेमका कुठे आणि कसा, याला नियम आहेत.

पहिली पसंती बाहेरच्या सावलीला. कॅनव्हासची चांदणी, बाहेरून ताणलेले जाळीदार कापड, बाहेरून फासायचा रंग. हे ऊन काचेला लागण्याआधीच अडवतात आणि तापले तरी ती उष्णता वारा घेऊन जातो.

पडदा आतच लावायचा असेल तर काच आणि पडदा यांच्यात किमान दोन इंच मोकळी जागा हवी आणि त्या पोकळीला खाली व वर तोंड हवे. तापलेली हवा वर चढते. तिला आढ्याजवळ झरोका दिला तर ती आपली आपण निघून जाते. झरोका नसेल तर पडदा भिंतीला आणि कण्याला घट्ट चिकटवू नये. बाहेरच्या अंगाने पांढरा किंवा परावर्तक पडदा घ्यावा. थंडीच्या सकाळी तो अर्धा ओढून ठेवू नये. एक तर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. चौकट जरा उबदार झाली की मग ओढावा.

बसवण्याआधी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. छत बसवणाऱ्याकडून: काच साधी, टफन्ड की लॅमिनेटेड, आणि आतून पडदा लावल्यास हमी राहते की नाही. पडदेवाल्याकडून: स्क्रू कुठे, किती खोल, आणि ते या छताच्या रचनेला चालतात का. दोघांनाही हे विचारण्याची वेळ काच फुटल्यानंतरची नव्हे. माझ्या बहिणीने ते विचारले नाही, आणि काचेचा सगळा खर्च तिलाच सोसावा लागला.

हे सारे विलायतेपुरते आहे असे समजू नये. पुण्या-मुंबईत बंद केलेल्या बाल्कन्या आहेत, गच्चीवर पॉलिकार्बोनेटचे तक्ते आहेत, कचेऱ्यांच्या काचभिंतींना आतून चिकटवलेल्या काळ्या फिल्म आहेत. आपल्याकडे पहाटे पाणी गोठत नाही, म्हणून काचा तडकण्याचा धोका कमी. पण फुगणारे तक्ते, थकणाऱ्या पट्ट्या आणि काचेच्या आत येऊन बसलेली उष्णता, हे सगळे इथेही तेच. ती बाहेर काढायला मग आपण वातानुकूलन यंत्र लावतो आणि विजेचे बिल भरतो.

बहिणीच्या छताची ती काच बदलून झाली. आतले पडदे तिने काढून टाकले नाहीत, पण आढ्याजवळच्या झरोक्याची गंजलेली खिटी दुरुस्त करून घेतली आणि पडद्यांची वरची कड चार बोटे खाली घेतली. उन्हाळ्यात बागेच्या बाजूने कड्या लावून बाहेरून कापड ताणते. ते दिसायला काही सुंदर नाही, शेजारीण एकदा विचारून गेली म्हणे. सासूबाई मात्र खूश आहेत. तुळस त्यांनी कापडाच्या सावलीतून काढून उन्हाच्या कोपऱ्यात हलवली आहे. तुळशीला ऊन हवेच. यंदाचे तुळशीचे लग्न त्याच छताखाली लागेल. बहीण सांगत होती, आता थंडीच्या सकाळी पडदा ओढण्याआधी सासूबाई चौकटीला हात लावून पाहतात, गार आहे की नाही. आमचे वडील काच घेताना अशीच तिच्या कडेवरून बोट फिरवून पाहत.